काठावरचा माणूस, पहिला तारक
स्वयंसेवी जीवरक्षक नौकांची परंपरा आणि वाशिम जिल्हा

वाशिम जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही. अरबी समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या जिल्ह्यात पडणारा पाऊस दोन समुद्रांना जाऊन मिळतो. जिल्ह्यात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेस अकोल्याकडे वळून पूर्णेला मिळते आणि तिचे पाणी तापीवाटे अरबी समुद्रास जाते. दक्षिण सीमेवरील पैनगंगा तसेच यवतमाळकडे वाहणाऱ्या अडाण व अरुणावती यांचे पाणी वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते. असा हा दोन खोऱ्यांच्या माथ्यावरील प्रदेश आहे. येथील नद्या उन्हाळ्यात पायी ओलांडता येतात. पावसाळ्यात मात्र त्यांचे पाणी काही तासांत दुथडी भरते व ठेंगण्या पुलांवरून आणि रपट्यांवरून वाहू लागते.

नद्यांच्या जोडीला जिल्ह्यात जागोजाग साठलेले पाणी आहे. एकबुर्जी व अडाण यांसारखे प्रकल्प, लहानमोठे पाझर तलाव, विहिरी आणि गेल्या काही वर्षांत शिवारोशिवारी झालेली शेततळी यांनी कोरडवाहू शेतीला आधार दिला. परंतु जेथे पाणी आले तेथे पाण्याचे भयही आले. अशा ठिकाणी मनुष्य पाण्यात पडला असता त्यास वाचवावयाचे कोणी, हा प्रश्न प्रत्येक ग्रामपंचायतीपुढे केव्हा ना केव्हा उभा राहतो. या प्रश्नाचे एक उत्तर समुद्रकाठच्या लोकांनी दोनशे वर्षांपूर्वी शोधून काढले. ते उत्तर म्हणजे स्वयंसेवी जीवरक्षक नौकांची व्यवस्था होय. समुद्र नसलेल्या जिल्ह्यालाही तीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

हजारो प्रेक्षक, तारक कोणी नाही

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर टाइन नदीच्या मुखापाशी 1789 मध्ये ‘अॅडव्हेंचर’ नावाचे जहाज वादळात वाळूच्या दांड्यावर रुतले. किनारा अगदी जवळ होता. तेथे हजारो लोक जमले होते आणि जहाजावरील खलाशी एकेक करून लाटांत पडत असलेले त्यांना दिसत होते. पण त्या लाटांत टिकेल अशी नाव नसल्याने कोणालाही पुढे जाता आले नाही. या घटनेने साउथ शील्ड्स गावचे नागरिक इतके हेलावले, की वादळातही तरणाऱ्या नौकेच्या उत्तम नमुन्यासाठी त्यांनी बक्षीस जाहीर केले. त्यातून हेन्री ग्रेटहेड याने बांधलेली ‘ओरिजिनल’ ही नौका 1790 मध्ये पाण्यात उतरली. तिच्या बाजूंना बुचाच्या लाकडाचे अस्तर असल्याने आत पाणी शिरले तरी ती बुडत नसे.

नौका झाली, पण तिची देखभाल कोणी करावयाची आणि वादळाच्या रात्री ती वल्हविण्यास कोण येणार, हा प्रश्न उरलाच. आयल ऑफ मॅन बेटावरील डग्लस येथे राहणारे सर विल्यम हिलरी यांनी अनेक जहाजे फुटताना पाहिली होती. त्यांनी 1823 मध्ये एक आवाहन प्रसिद्ध केले आणि त्याचे फळ म्हणून 4 मार्च 1824 रोजी लंडन येथे एका राष्ट्रीय संस्थेची स्थापना झाली. हीच आजची रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन. हॉलंडमध्येही त्याच वर्षी अशा संस्था निघाल्या. जर्मनीत 1865 मध्ये निघाली. ब्रिटिश संस्थेने 2024 मध्ये दोनशे वर्षे पूर्ण केली. तोपर्यंत तिने 1,46,000 हून अधिक प्राण वाचविले होते.

या संस्थेची रचना ध्यानी घेण्याजोगी आहे. तिचा खर्च मुख्यतः लोकांच्या देणग्यांतून चालतो. नौकांवर जाणारे बहुतेक जण बिनपगारी असतात. पूर्वी ते त्या त्या गावचे कोळी असत. आज त्यांत शिक्षक, दुकानदार, सुतार, परिचारिका असे सर्व व्यवसायांचे स्त्री-पुरुष आहेत. संकेत मिळताच हातातील काम टाकून ते नौकाघराकडे धावतात. धैर्याइतकेच महत्त्व नियमित सरावाला दिले जाते. ठरलेल्या दिवशी नौका पाण्यात उतरते, दोर तपासले जातात, नव्या माणसाला शिकविले जाते. संकट आल्यावर शिकण्यास वेळ नसतो, हे त्या लोकांनी अनुभवाने जाणले आहे.

नौका आणि जाकीट

जीवरक्षक नौका सामान्य नावेहून वेगळी कशी, हे थोडक्यात पाहू. जुन्या नौकेच्या दोन्ही टोकांना हवाबंद पेट्या असत आणि तळाशी जड लोखंडी कणा असे. लाटेने ती उलटली, तर टोकांची हवा तिला वर उचले व कण्याचे वजन तिला पुन्हा सरळ करी. आत आलेले पाणी तळाच्या झडपांतून आपोआप बाहेर जाई. आजच्या मोठ्या नौकांत हे काम बंदिस्त कक्ष करतो. उथळ पाण्यासाठी 1963 पासून हवा भरलेल्या रबरी नौका वापरात आल्या. त्यांत हवेचे अनेक स्वतंत्र कप्पे असतात. एक फाटला तरी बाकीचे नौकेला तोलून धरतात. पूर आला असता महाराष्ट्रातील बचाव पथके ज्या रबरी बोटी घेऊन येतात, त्यांचे तत्त्व हेच आहे.

नौकेइतकेच महत्त्व जाकिटाचे आहे. कॅप्टन वॉर्ड यांनी 1854 मध्ये बुचाचे तुकडे शिवलेले जाकीट तयार केले. ते अवजड वाटे, म्हणून अनेक खलाशी ते घालण्याचे टाळीत. 9 फेब्रुवारी 1861 रोजी व्हिटबी गावच्या नौकेने वादळात एकामागून एक जहाजांतील माणसे वाचविली. मात्र अखेरच्या फेरीत ती उलटली. तिच्यावरील 13 जणांपैकी 12 जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन. नवे बुचाचे जाकीट त्याच्या अंगावर होते. वाचविणाऱ्याने आधी स्वतःस सुरक्षित करावे, हा नियम त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन सिद्ध झाला.

वऱ्हाडातील जुन्या माणसांना यात फारसे नवल वाटणार नाही. मुलांना विहिरीत पोहावयास शिकविताना त्यांच्या पाठीला वाळलेला भोपळा, रिकामा डबा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधण्याची रीत गावोगाव होती. बुचाच्या जाकिटामागील तत्त्व हेच होते.

‘रामदास’ आणि रेवसचे कोळी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर अशी संघटित स्वयंसेवी नौकासेवा उभी राहिली नाही. परंतु कोळी बांधवांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले आहे. 17 जुलै 1947 रोजी सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली. तिच्यावर सातशेच्या आसपास माणसे होती. रेवसजवळ काश्याच्या खडकापाशी वादळी लाटांत ती कलंडली आणि सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते, त्यामुळे ही वार्ता मुंबईस पोहोचण्यास कित्येक तास लागले. त्या वेळी मासळी घेऊन चाललेले रेवसचे कोळी तेथे होते. त्यांनी आपली मासळी समुद्रात टाकून नावांत जागा केली आणि सुमारे 75 जणांना वर घेतले, असे सांगतात. त्या दिवशी जे प्राण वाचले, त्यांतील बरेचसे या जवळच्या माणसांनी वाचविले.

आज किनाऱ्यापासून दूर समुद्रातील शोध व बचावाचे कार्य भारतीय तटरक्षक दलाकडे आहे. हे दल 1977 मध्ये उभे राहिले आणि 1978 च्या कायद्याने त्यास कायम स्वरूप मिळाले. समुद्रातील संकटासाठी 1554 हा त्याचा दूरध्वनी क्रमांक आहे. तथापि तटरक्षक दलाचे जहाज पोहोचेपर्यंत जवळची मासेमारी नौका हाच पहिला आधार असतो.

समुद्रावरून नदीकडे

समुद्रावरील स्वयंसेवकांची विद्या देशाच्या आतील भागातही उपयोगी पडते, हे ब्रिटिश संस्थेने दाखवून दिले. तिने 2000 साली पूरबचावासाठी वेगळे पथक उभारले. नोव्हेंबर 2009 मध्ये कॉकरमाउथ हे इंग्लंडमधील गाव नद्यांच्या पुराने वेढले गेले, तेव्हा हे खलाशी रस्त्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात बोटी घालून लोकांना बाहेर काढीत होते.

महाराष्ट्रातही पूरबचावाची शासकीय यंत्रणा आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ असते आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या नागपूर व धुळे येथे आहेत. 22 जुलै 2023 रोजी वाशिमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात महागाव तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर शंभराहून अधिक माणसे पुरात अडकली होती. त्यांच्यासाठी वायुदलाची हेलिकॉप्टरे मागविण्यात आली व प्रतिसाद दलाच्या साहाय्याने माणसे सुखरूप बाहेर निघाली. अशा प्रसंगी ही दले अपरिहार्य आहेत. परंतु नागपूरहून वाशिमच्या खेड्यापर्यंत येण्यास काही तास लागतात. पुरात घराच्या छतावर बसलेला मनुष्य तितका वेळ वाट पाहू शकेल. बुडणाऱ्यास तो वेळ मिळत नाही. पाण्याखाली श्वास थांबल्यानंतर मेंदूस प्राणवायू न मिळाल्यास चारसहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. या चारसहा मिनिटांत शेजारचा शेतकरी, गुराखी, शिक्षक किंवा शाळकरी मूल यांच्यापलीकडे कोणीही तेथे पोहोचू शकत नाही.

विदर्भात ही जाणीव असलेले लोक आहेत. वाशिम जिल्ह्याच्या सीमेस लागून असलेल्या अकोला जिल्ह्यातील बार्शीटाकळी तालुक्यात पिंजर येथील संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक हे स्वयंसेवकांचे पथक अशाच कामासाठी धावून जाते. गावोगावचे भोई समाजातील पट्टीचे पोहणारे आणि तलावांवर मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्थांचे सभासद हेही याच परंपरेचे वारस आहेत. मात्र अनेकदा त्यांना बोलावणे जाते ते मृतदेह शोधण्यासाठी. माणूस जिवंत असताना त्यांचे कौशल्य उपयोगी पडावे, अशी व्यवस्था गावाने आधीच लावून ठेवली पाहिजे.

ब्रह्मनाळचा धडा

सद्हेतू पुरेसा नसतो, याचे दुःखद उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 8 ऑगस्ट 2019 रोजी कृष्णेच्या महापुरात सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ या गावातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेक स्त्री-पुरुषांना व बालकांना जलसमाधी मिळाली. बोटीत माणसे फार झाली होती. पुराचे पाणी चढत असताना मागे राहण्यास कोणीही तयार नसतो आणि नाही म्हणणे नावाड्यास जड जाते, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच बोटीत किती माणसे घ्यावयाची, जाकिटे किती, प्रथम कोणास न्यावयाचे, या गोष्टी पाणी येण्यापूर्वी ठरलेल्या असाव्या लागतात. बोटीवर तिची क्षमता ठळक अक्षरांत लिहिलेली असावी. जाकीट नसलेल्या माणसास बोटीत घेऊ नये. नावाड्याचा शब्द सरपंचासह सर्वांनी मानावा. समुद्रावरील नौकांतही सुकाणूवरील माणसाची आज्ञा अंतिम असते.

शेततळ्याचा काठ

वाशिमसारख्या जिल्ह्यात पुरापेक्षाही फसवे पाणी शेततळ्याचे असते. तळ्याच्या उतारावर पाणी झिरपू नये म्हणून प्लॅस्टिकचे अस्तर घातलेले असते. ते ओले व शेवाळलेले झाले, की त्यावर पाय ठरत नाही. पोहता येणारा मनुष्यही काठाशी येऊन पुन्हा पुन्हा आत घसरतो आणि दमून बुडतो. त्याला वाचविण्यास उतरलेला दुसरा मनुष्यही त्याच रीतीने अडकतो. एकाच घरातील दोघेतिघे एका तळ्यात बुडाल्याच्या वार्तांमागे बहुधा हेच कारण असते.

यावर उपाय सोपा व अल्पखर्चाचा आहे. तळ्याभोवती कुंपण व दार असावे. चारही बाजूंस काठावर पक्के खुंट रोवून त्यांना गाठी मारलेले जाड दोर बांधावेत व ते पाण्यापर्यंत सोडावेत, म्हणजे पडलेल्या माणसास धरून वर येता येईल. काठावर हवा भरलेली ट्यूब किंवा घट्ट झाकणाचा रिकामा प्लॅस्टिकचा डबा दोरासह टांगलेला असावा. ‘बुडत्याला काडीचा आधार’ ही म्हण सर्वांच्या तोंडी आहे. तो आधार काठावर तयार ठेवणे हे त्या तळ्याच्या मालकाचे कर्तव्य होय.

वाचविण्याचा क्रम

जीवरक्षकांच्या शिक्षणात एक क्रम सांगितला जातो. बुडणाऱ्यास प्रथम हाक मारून धीर द्यावा व मदतीसाठी ओरडावे. नंतर काठावर आडवे पडून काठी, बांबू, धोतर किंवा साडी त्याच्या हाती द्यावी. हात पोहोचत नसेल, तर दोर बांधलेली तरंगती वस्तू फेकावी. तेही शक्य नसेल, तर नाव न्यावी. प्रत्यक्ष पाण्यात उतरणे हा शेवटचा उपाय. तो प्रशिक्षित माणसाने, तरंगणारे साधन बरोबर घेऊनच करावा. घाबरलेला मनुष्य जवळ येणाऱ्यास मिठी मारतो व दोघेही तळाशी जातात.

माणूस बाहेर काढल्यावर त्यास उलटे टांगणे किंवा पोट दाबून पाणी काढणे ही जुनी रीत आहे. ती घातक ठरते. तिच्यात मोलाचा वेळ जातो व पोटातील पाणी श्वासमार्गात शिरते. श्वास थांबला असेल, तर त्याला सपाट जागी उताणे निजवावे, हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करावा, नाक दाबून तोंडाने प्रथम श्वास द्यावेत. प्रतिसाद नसल्यास छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी 5 ते 6 सेंटिमीटर खोल, मिनिटास 100 ते 120 या गतीने 30 दाब द्यावेत. मग 2 श्वास. आणि वैद्यकीय मदत येईपर्यंत हा क्रम चालू ठेवावा. दाबाचे हे प्रमाण मोठ्या माणसांसाठी आहे; लहान मुलांसाठी ते कमी असते व प्रशिक्षणात समजून घ्यावे. हे शिक्षण शाळेत, ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीतही देता येते. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेसाठी 108 आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षासाठी 1077 हे क्रमांक प्रत्येक तलावाकाठी रंगवून ठेवावेत.

गावाने काय करावे

भारतात बुडून मरणाऱ्यांची संख्या वर्षास 38,000 च्या आसपास नोंदली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख लोक बुडून मृत्यू पावले. या संघटनेने सुचविलेले उपाय खेड्यास झेपण्यासारखे आहेत : पाण्याभोवती अडसर, आईबाप कामावर असताना लहान मुलांसाठी सुरक्षित जागा, शालेय मुलांना पोहण्याचे शिक्षण, काठावरील लोकांना बचावाचे प्रशिक्षण, नावांवर नियम आणि पुराचे नियोजन. भारत सरकारनेही 2023 मध्ये बुडण्याच्या प्रतिबंधासाठी राष्ट्रीय आराखडा प्रसिद्ध केला आहे.

कायद्याचे पाठबळही आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण असते. आपल्या सेवकांना प्रशिक्षण मिळावे व साधने वापरण्याच्या स्थितीत असावीत, ही जबाबदारी कलम 41 ने स्थानिक प्राधिकरणांवर, म्हणजे पंचायतींवरही, टाकलेली आहे. केंद्राच्या ‘आपदा मित्र’ योजनेत गावपातळीवरील स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाची तरतूद करण्यात आली. जिवावर उदार होऊन दुसऱ्यास वाचविणाऱ्याचा गौरव करण्यासाठी 1961 पासून जीवन रक्षा पदके दिली जातात. अशा व्यक्तीचे नाव जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविणे हेही ग्रामपंचायतीचे काम आहे.

यास्तव पावसाळ्यापूर्वी होणाऱ्या ग्रामसभेत एक विषय पाण्यापासून बचावाचा ठेवणे उचित ठरेल. गावच्या शिवारातील तळी, विहिरी, डोह आणि रपटे यांची यादी करावी. उत्तम पोहणाऱ्या दहा-बारा जणांची नावे व दूरध्वनी क्रमांक पंचायतीच्या फलकावर लावावेत. त्यांच्यासाठी जाकिटे, दोर व ट्यूब यांची एक पेटी ठेवावी आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांस ठाऊक असावे. वर्षातून दोनदा, पावसाळा सुरू होण्यापूर्वी आणि गणेश विसर्जनापूर्वी, प्रत्यक्ष सराव घ्यावा. रपट्यावरून पाणी वाहत असताना एका माणसाने पहारा करून वाहने थांबवावीत; वाहते पाणी गुडघाभर असले तरी माणसाचा तोल घेते व लहान मोटार तरंगविते. शिक्षकांनी मुलींनाही पोहावयास शिकविण्याचा आग्रह धरावा, कारण धुण्यापाण्याच्या निमित्ताने विहिरीच्या व नदीच्या काठी त्यांचाच अधिक वावर असतो.

टाइन नदीच्या मुखाशी 1789 मध्ये काठावर हजारो लोक असूनही कोणालाही मदतीस पुढे जाता आले नव्हते. दुसऱ्या वर्षी त्याच गावाने नौका तयार ठेवली होती. वाशिमच्या खेड्यास वादळी समुद्रात जाणाऱ्या मोठ्या नौकेची गरज नाही. तेथे हवा आहे तो एक दोर, काही जाकिटे आणि ती वापरण्याचा सराव असलेले दहा शेजारी. एवढी तयारी एका पावसाळ्यात होऊ शकते.